मोगलाईची रोजी

माझा जन्म पैनगंगेच्या पलीकडचा. पलीकडे तेव्हा निजामाचं राज होतं. अलीकडे, यवतमाळ जिल्ह्यातली माणसं त्या मुलखाला मोगलाई म्हणायची आणि तिथून आलेल्याला मोगलाईचा. एरवी या शब्दाचं कुणाला काही वाटत नसे. मजुरीच्या दिवशी मात्र तो शिवीपेक्षा महाग पडायचा.

आम्ही बंजारा. आजोबांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहिलं. बापाच्या काळात ते काम मोटारींनी खाल्लं. रझाकारांच्या धामधुमीत तांड्यातल्या दहाबारा घरांबरोबर बापानं नदी ओलांडली आणि महागावच्या बाजूला एका उघड्या माळावर झोपडी घातली. तिथंच तो तापानं गेला. राहिलो याडी आणि मी. आमच्यात आईला याडी म्हणतात. माळापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर कापसाचं एक जिनिंग होतं. दिवाळी उलटली की त्याचा भोंगा वाजायला लागायचा आणि तांड्यातल्या झाडून साऱ्या बाया तिकडे चालू लागायच्या.

रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राला रेचा म्हणतात. एकेका रेच्यावर आम्ही दोघी दोघी उभ्या असू. एकीनं कापसातला कचरा वेचून तो पुढे सारायचा, दुसरीनं रेच्याच्या तोंडी द्यायचा, हात भरून आले की जागा बदलायची. रुईची भुरी भुवयांवर, पापण्यांवर बसायची. संध्याकाळी वीस वर्षांची पोरगीसुद्धा म्हातारी दिसायची. माझी जोडीदारीण गावातली होती, माझ्याहून बरीच मोठी. नवरा अंथरुणाला खिळलेला, पदरात तीन पोरं. तिच्या फडक्यातली भाकर मी खायची, माझ्यातली ती. भोंगा एक, रेचा एक, खोकलाही एकच. पण शनिवारी हिशेब व्हायचा तेव्हा तिला रोजचा रुपया आणि मला दहा आणे. "रीतच हाय," ती म्हणायची.

असं का, म्हणून विचारलं की मुकादम म्हणायचा, "तुमाले घरभाडं नाही, सरपन जंगलातलं. गावच्या बाईले सारं इकत घ्या लागते. अन् पटत नसन तं नदी काही आटली नाही, जा परत."

हा मुकादम उंच, काटकुळा. डाव्या भुवईतून एक जुना व्रण गेलेला, त्यामुळे ती भुवई दोन तुकड्यांची दिसायची. मजूर आणायचे, लावायचे, काढायचे, सारं त्याच्या हातात. शनिवारी ओसरीखाली टेबल मांडून मुनीम बसायचा आणि हा त्याच्या शेजारी उभा राहायचा. प्रत्येक बाईला तो विचारायचा, "कुठली?"

त्याला काय माहीत नव्हतं? एकूणएक बाई तो ओळखत होता. तरी विचारायचा. गावच्या बाया "गावची" म्हणून सरळ पुढे व्हायच्या. आम्ही "मोगलाईची" म्हणायचं, मग मुनीम कमी पैसे हातावर ठेवायचा. कुणी तोंडातल्या तोंडात बोललं तर मुकादम कानाशी हात नेऊन पुन्हा म्हणायला लावायचा. ओसरीवर खुर्ची टाकून मालक सुपारी कातरत हे सारं ऐकत असायचा.

छप्पन साली राज्यं नव्यानं मांडली गेली. वऱ्हाड आणि आमच्या पलीकडचा मुलूख, दोन्ही एकाच मुंबई राज्यात आले. जिनिंगच्या आवारात झेंडा लागला, बुंदी वाटली. मालक खुर्चीवरून उठून दोन शब्द बोलला. म्हणाला, "आता पैनगंगेच्या दोन्ही काठांची माणसं एका घरची झाली." याडीनं बुंदी पदराच्या टोकाला बांधली होती आणि ती मान वर करून ऐकत होती. तिला ते खरं वाटलं. मोठा माणूस झेंड्याखाली उभा राहून खोटं कशाला बोलेल, असं तिला वाटलं असणार.

पुढच्या शनिवारी तिची पाळी आली. मुकादमानं विचारलं, "कुठली?"

"इथली," याडी म्हणाली.

मुनिमाचा हात थांबला.

"कुठली?"

"इथली. मालकच बोलले नं, एक घर झालं म्हनून. मंग रोजी बी एकच करा."

बाया हसल्या. गावच्याही हसल्या, आमच्यातल्याही काही हसल्या. मुकादमानं ओसरीकडे पाहिलं. मालकानं सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि तोही बारीक हसला. तेवढ्यानं मुकादमाला जे कळायचं ते कळलं. मुनिमाच्या हातातली याडीची हप्त्याची मजुरी त्यानं घेतली आणि शेजारी रचलेल्या सरकीच्या ढिगावर भिरकावली.

"इथली हायेस नं? मंग घे इथून येचून."

सरकीत हात घातलेला माणूसच सांगेल, ते दाणे पाण्यासारखे सरकतात. नाणं एकदा आत गेलं की खाली खाली जातं. याडी गुडघ्यांवर बसली. कोपरापर्यंत हात घालून चाचपू लागली. मी पुढे झाले तशी जोडीदारणीनं माझं मनगट धरलं. "जाऊ नको व," ती पुटपुटली, "तुही बी रोजी जाईन." मी थांबले. रांग थांबली होती. आत रेचे बंद होते, सगळीकडे शांत, आणि त्या शांततेत याडीच्या हातातल्या बांगड्या वाजत होत्या. तिला सगळे पैसे सापडले नाहीत. उठून उभी राहिली तेव्हा तिच्या फेटियाला, घोळदार घागऱ्याला, सरकी चिकटलेली होती. मुकादमानं पुन्हा विचारलं, "आता सांग, कुठली?"

"मोगलाईची," याडी म्हणाली.

परतीच्या वाटेवर ती फेटियाला चिकटलेली सरकी काढत चालली होती. मी म्हणाले, "या माणसाला मी सोडणार नाही." आम्ही घरात आमच्या गोर बोलीत बोलतो, इथं मराठीत लिहिते आहे.

याडी म्हणाली, "फेकले त्यानं, हसला मालक. तू कुणाकुणाला सोडणार नाहीस?"

"दोघांनाही."

"आधी चूल पेटव," ती म्हणाली.

मी चूल पेटवली, भाकरी केल्या आणि खाल्ल्याही. पण त्या दिवसापासून माझ्या पोटात एक निखारा बसला. कामावर उभी असताना मी मुकादमाच्या पाठीकडे पाहत राहायची. तो रेच्याच्या पट्ट्याजवळून गेला की मनात यायचं, याचं धोतर अडकावं. तो खोकला की मला बरं वाटायचं. कुणाला हे वाईट वाटेल. मला तेव्हा वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही.

संधी पुढच्या वर्षी आली, आणि तीही न शोधता. मामाच्या तांड्यात लग्न होतं, म्हणून याडी आणि मी नदी उतरून पलीकडे गेलो. परतताना काठच्या एका खेड्यात पाणी मागायला थांबलो. गावाच्या अगदी टोकाला एक खोपटं होतं. आतून एक म्हातारी तांब्या घेऊन आली. कुठं जाता, काय करता, अशा गोष्टी निघाल्या. जिनिंगचं नाव काढताच तिनं तांब्या खाली ठेवला.

"तिथं एक मुकादम हाय का? उंच? डाव्या भुवईले वार?"

"हाय," मी म्हणाले. "तुमी कशा ओळखता?"

"माहा लेक हाय थो."

मी याडीकडे पाहिलं. याडी जमिनीकडे पाहत होती.

म्हातारीनं सगळं सांगितलं. लेक पोरसवदा असताना वऱ्हाडातल्या मावशीकडे कामाला गेला. मावशीचं गाव तेच आपलं गाव, असं सांगून जिनिंगमध्ये लागला. अंगात हुशारी होती, चढत गेला. एकदा येऊन आईला सांगून गेला, की तिकडे येऊ नको, मी कुठला ते कळलं तर माझी रोजी कापतील, मुकादमी जाईल. कधीमधी बाजारकऱ्याच्या हाती चार पैसे पाठवायचा. त्याचं लग्न झालेलं तिला दुसऱ्याकडून कळलं. नातू झालेला तिनं पाहिला नव्हता.

"म्या वाट पाहून राह्यली," ती म्हणाली, "का बाप्पा, एक राज झालं, आता तरी यीन. नाही आला."

मी तिच्याजवळ सरकून बसले आणि शनिवारी काय चालतं ते सांगितलं. टेबल, मुनीम, "कुठली?" हा प्रश्न, आणि आम्हाला काय म्हणावं लागतं ते. सरकीच्या ढिगाचंही सांगितलं. याडीनं दोनदा मला कोपरानं ढोसलं. मी थांबले नाही.

म्हातारीनं याडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "हिलेच का ढिगात हात घाला लावला?" आणि याडीचा हात आपल्या हातात घेऊन तिनं उलटसुलट करून पाहिला, जणू अजून त्यावर सरकी असेल.

"तुमी चालता का?" मी विचारलं. "म्या नेतो तुमाले."

"नको," याडी म्हणाली. "आई हाय ते. लेकाले उघडं पाडाले आईले नेते का कोनी?"

"तूही आईच हायेस," मी म्हणाले.

म्हातारी उठली. आत जाऊन धुतलेलं लुगडं नेसून आली. "चाल," ती मला म्हणाली. "म्या त्याले सांगतो, म्या कुठली ते."

ती दोन दिवस आमच्या झोपडीत राहिली. याडी तिला जोंधळ्याच्या कण्या करून घालायची आणि माझ्याशी बोलायची नाही. शनिवारी ती कामावर आलीच नाही. दुपारी मी म्हातारीला माझ्यापुढे रांगेत उभं केलं. पदर खाली ओढून ती उभी राहिली. आमच्या बायांना मी सांगून ठेवलं होतं, कुणी हूं की चूं केलं नाही. भीती होती, पण भीतीपेक्षा हाव जास्त होती. कधी एकदा ते तोंड पाहते असं झालं होतं.

मुकादम वर न पाहता म्हणाला, "कुठली?"

"तू जिथला, तिथली."

त्यानं मान वर केली. म्हातारीनं पदर मागे सारला.

मी त्याच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही. आधी त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग ओठ कोरडे पडल्यासारखे हलले. "ही कोन बाई हाय?" तो ओरडला. "हजेरीत नाही. हिले कोनं आनलं? काढा बाहेर."

"काढ नं," म्हातारी म्हणाली. "हात धरून काढ. त्या निमित्तानं तरी आईचा हात धरशीन."

मालक खुर्चीतून उठून खाली आला. "मुकादम, ही तुझी आई?"

त्यानं मालकाकडे पाहिलं, मुनिमाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. आणि म्हणाला, "नाही."

म्हातारी ओरडली नाही, रडली नाही. मालकाकडे वळून शांतपणे सांगू लागली. "लहान होता तवा बैलानं शिंग मारलं. डोया वाचला, भुवई फाटली. म्या हळद भरून रातभर मांडीवर घेऊन बसलो. नाही म्हनते त नाही. दुसरीच्या लेकाले बी तसंच शिंग लागलं असन."

मुकादमाचा हात आपोआप भुवईवर गेला. तो हात साऱ्या रांगेनं पाहिला.

मालकाला हसू फुटलं. पोट धरून हसला. "म्हणजे इतकी वर्षं तू मलाच गंडवलं? मोगलाईच्या माणसाला मी गावचा पगार देत बसलो?" आणि हसत हसतच मुनिमाला म्हणाला, "याला आजपासून तिकडच्या दरानं द्या. मागचं सोडून दिलं, जा."

मुनिमानं कमी पैसे मोजून टेबलावर ठेवले. मुकादमानं ते उचलले. त्याची मान खाली होती. त्याला कुणी "कुठला?" असं विचारलं नाही, एवढीच माझी हौस अपुरी राहिली. तो फाटकाकडे चालू लागला, आणि म्हातारी त्याच्या मागोमाग चार पावलांवरून चालू लागली. त्यानं तिला थांबही म्हटलं नाही आणि जाही म्हटलं नाही.

मला आनंद झाला. अंगावर काटा येईल इतका आनंद. लोक म्हणतात सूड घेतल्यावर पोकळ वाटतं. मला भरल्यासारखं वाटलं. घरी आले तर याडी कुंपणाशी बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "म्हातारी जेवली होती का जाताना?"

मुकादम सोमवारी कामावर आला नाही. मुनीमच हजेरी घेऊ लागला. शनिवारी त्यानं सवयीनं आमच्यातल्या पहिल्या बाईला विचारलं, "कुठली?" ती म्हणाली, "मुकादमाच्या गावची." मागून हसण्याची लाट आली. दुसरीनंही तेच सांगितलं, तिसरीनंही. तो प्रश्न त्या दिवशी मेला. मुनीम चिडून ओसरीकडे गेला. मालक खाली आला तेव्हा हसत नव्हता.

"बरं," तो म्हणाला. "सगळ्या एका घरच्या ना? मग पुढच्या हप्त्यापासून सगळ्यांना बारा आणे. गावची नाही, मोगलाईची नाही."

आमचे दोन आणे वाढले आणि गावच्या बायांचे चार गेले. शिवाय त्या आमच्याशी भांडतील आणि आपण सुपारी कातरत बसू, हाही त्याचा हिशेब असणार.

संध्याकाळी जोडीदारीण तांड्यावर आली. केस सुटलेले, हातात वाटेत उचललेली काठी. झोपडीसमोर उभी राहून ओरडली, "निघ बाहेर! तुह्या सुडापायी माह्या पोरायच्या तोंडचा घास गेला!"

मी बाहेर आले. "तुह्या तोंडचा घास म्या नाही काढला. माह्या ताटातला काढून इतके दिवस तुह्या ताटात वाढत होते, तवा बोलली का तू? 'रीतच हाय' म्हने!"

"मले काय ठाव, मालक असा करन म्हनून?"

"मले ठाव होतं का?"

तिनं काठी उगारली. मी हटले नाही. मलाही तिच्यावरचा राग काढायचाच होता. त्या दिवशी रांगेत माझं मनगट धरलं होतं तिनं. पण याडी मध्ये आली. तिनं काठी हातातून काढून घेतली आणि जोडीदारणीला खाली बसवलं.

"तुमी दोघी मारामारी करा," ती म्हणाली, "मालकाले तेच पाह्यजे. सोमवारी तुमी गावच्या बाया आत जाऊ नका."

"आमी नाही गेलो, तं तुमी जासान आमच्या जागी."

"आमी बी नाही जानार. फाटकात बसू."

जोडीदारणीनं माझ्याकडे पाहिलं. विश्वास नव्हताच. मी म्हणाले, "म्या बसतो. तुह्यासाठी नाही. त्याच्या गाड्या उभ्या राह्यल्या पाह्यजे."

हे खरं होतं. मला एकीबिकी काही सुचत नव्हती. मला मालकाचं तोंड पाहायचं होतं.

हंगाम भरात होता. सोमवारी सकाळी फाटकाबाहेर कापसाच्या बैलगाड्या नेहमीसारख्या लागल्या आणि तिथंच थांबल्या. आम्ही साऱ्या धुळीत बसलो होतो, गावच्या एकीकडे, आमच्या एकीकडे. दुपारपर्यंत गाड्यांची रांग पार सडकेपर्यंत गेली. गाडीवाले मालकाच्या नावानं बोंबलू लागले. मुनीम आधी दम देऊन गेला, मग समजावून गेला. ऊन वाढलं तशा गावच्या बाया सावलीसाठी आमच्या बाजूच्या भिंतीला येऊन टेकल्या. कुणीतरी पाण्याची घागर आणली, ती सगळ्यांत फिरली. दुसऱ्या दिवशी काही गाड्या वळून पुसदच्या रस्त्याला लागल्या. तेव्हा मालक पायी, बिनटोपीचा, फाटकापर्यंत आला.

"रुपया," तो म्हणाला. "सगळ्यांना. उठा."

मी उठले नाही. म्हणाले, "माह्या आईले सांगा."

"काय सांगू?"

"तिले सांगा, ते इथली हाय म्हनून."

तो माझ्याकडे पाहत राहिला. गाड्यांकडे पाहिलं. मग याडीसमोर उभा राहून, दात आवळून, म्हणाला, "बाई, तू इथली." याडीनं त्याच्याकडे न पाहता फेटिया झटकला आणि सगळ्यांच्या आधी आत गेली.

रुपया टिकला. जोडीदारीण आणि मी त्याच रेच्यावर अजून काही हंगाम उभ्या राहिलो. मैत्री पहिल्यासारखी झाली नाही. आपापली भाकर आपण खायचो. माझं लग्न झालं, मुलं झाली. मुलांच्या पाटीवर मीही गिरवायला शिकले, म्हणून आज हे लिहिता येतं आहे.

मुकादम मला एकदा यवतमाळच्या एसटीत भेटला. साठ साल उलटलं होतं. केस पांढरे, त्या भुवईसकट. तो एका दुकानात वजनकाट्यावर होता. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. क्षणभर थांबला आणि बसला.

"आई शेवटपर्यंत माह्या घरी होती," तो आपणहून म्हणाला. "नातवाच्या हातचं पानी पिऊन गेली."

"बरं झालं."

"तू मले त्या दिवशी मारून टाकलं, बाई."

"मारासाठीच आनलं होतं तिले."

"मले भेव होता. रोजी जाईन म्हनून."

"आमाले बी होता," मी म्हणाले. "आमी कोनाले ढिगात हात घाला नाही लावला."

उतरताना त्यानं हात जोडले. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. त्याचं भय मला कळलं होतं, पलीकडच्या त्या खोपट्यातच कळलं होतं. कळलं म्हणून राग गेला नाही.

मालक त्यानंतर दोनेक वर्षांनी गेला. जिनिंगचा भोंगा अवेळी वाजला, रेचे थांबले, बायांना सुटी मिळाली. सगळ्यांनी अंत्ययात्रेला यावं असा निरोप फिरला. गावच्या गेल्या, तांड्यावरच्याही गेल्या, याडीसुद्धा डोक्यावर पदर घेऊन गेली. मी गेले नाही. डब्यात ठेवलेला गूळ काढला, गव्हाचा रवा भाजला आणि लापशी केली. नवरा शेतावरून आला, वास घेत म्हणाला, "आज कोणता सण आहे?"

"आहे एक," मी म्हणाले आणि त्याला वाढलं. मग मी बसले आणि दोनदा वाढून घेतलं.